'वद जाऊं कुणाला शरण' : भाव कुठून आणायचा?

ताई, तुमची भाची सोळा वर्षांची, ख्याल म्हणजे शास्त्रीय गाणं शिकलेली, सुराला पक्की. देवगडला नवरात्रात देवळाच्या मंडपात ती 'संगीत सौभद्र'मधलं 'वद जाऊं कुणाला शरण' म्हणणार आहे. तिच्या बाई म्हणतात गाणं स्वच्छ आहे पण भाव नाही, आणि घरचे म्हणतात जरा हातवारे कर, डोळ्यांत पाणी आण. भाव शिकवता येतो का, असं तुम्ही विचारलंत. येतो. रत्नागिरीत मी बरीच वर्षं मुलांकडून नाट्यपदं बसवून घेते, त्यावरून ठामपणे सांगते.

हातवारे आणि डोळ्यांतलं पाणी तूर्त बाजूला ठेवा. आधी तिला एवढंच विचारा, की हे तू कुणाला म्हणतेयस? बहुतेक मुलं गप्प होतात, नाहीतर 'प्रेक्षकांना' म्हणतात. तिथंच भाव निसटतो. बलरामदादाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि नातलगांपुढे गाऱ्हाणं घालून काही उपयोग झालेला नाही. आता ती सखीला विचारतेय. हा खराखुरा प्रश्न आहे, तिला उत्तर हवंय. आमच्या मुली हे पद सगळं संपल्यासारखं रडवेलं म्हणतात. पण जिचं सगळं संपलं ती कशाला विचारेल? विचारणारीला अजून वाट सापडेल असं वाटत असतं. भाचीच्या गळ्यात ती घाई, ती आशा आली पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ सालचं, आणि त्यात कृष्ण आतून सगळी सूत्रं हलवतोय हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. सुभद्रेला ते ठाऊक नाही. लोकांच्या चेहऱ्यावर हसू असलं तरी तिची तगमग शंभर टक्के खरी हवी. म्हणून भाचीला नुसतं पद देऊ नका, निदान त्या प्रवेशापर्यंतचं नाटक मोठ्याने वाचायला लावा. गद्यासकट. पद सुरू होण्याआधी सुभद्रा काय बोलत होती हे माहीत नसेल तर पहिला सूर कुठल्या मनःस्थितीत लावायचा हे कळणारच नाही.

मग तानपुरा बंद करा. समोर बहिणीला नाहीतर मैत्रिणीला बसवा आणि भाचीला पदाचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत बोलू द्या. 'माका सांग गो, आता मी कोणाकडे जाव?' असं ती मनापासून विचारील तेव्हा आवाज कुठे चढतो, कुठे अडतो, श्वास कुठे घेतला जातो, ते तुम्ही ऐका. समोरच्या मुलीने उत्तर द्यायचं नाही, फक्त बघत राहायचं. उत्तर येत नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारताना आवाज आपोआप बदलतो. ध्रुवपदाची ओळ पुन्हा पुन्हा येते ना, तिथे हाच बदल हवा. पहिल्यांदा विचारणं, मग आर्जव, मग 'अग सखये' म्हणताना जवळजवळ तिचा हात धरणं. तीच ओळ तीनदा सारखीच आली की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, सूर कितीही चोख असू दे.

शब्दांवर मी फार वेळ घालवते, आणि तुम्हीही घाला. शरण, हरण, चरण ही यमकं लागोपाठ येतात, आणि मुली तिन्हींवर सारखंच वजन टाकून कविता म्हटल्यागत म्हणतात. वजन 'कुणाला' वर हवं. शिवाय 'ण' वर सूर धरून ठेवला की नाकात जातो. 'र' मधला अ लांबवायचा, 'ण' शेवटी हलकेच टेकवायचा. आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या बोलण्यात 'ण' चा 'न' होतो, तो बोलताना चालेल, पदात नाही.

पद जोगकलिंगडा रागात आहे. रिषभ-धैवत कोमल दिसले की ख्यालाच्या विद्यार्थ्यांचा गळा भैरव या सकाळच्या रागाकडे वळतो आणि ते दोन्ही स्वर आंदोलित करायला, म्हणजे झुलवायला लागतात. मग सुभद्रा पहाटेच्या पूजेला बसल्यासारखी वाटते. कलिंगडा चंचल आहे, त्यातले हे स्वर धरून झुलवायचे नसतात, त्यांच्यावरून पुढे जायचं असतं. तिची अस्वस्थता चालीतच आहे, भाचीने ती फक्त अडवू नये.

ताना कमी करा. एकही नको असं मी म्हणत नाही, पण तान संपून ज्या शब्दावर येते तो शब्द आधीपेक्षा जास्त टोचला पाहिजे, नाहीतर ती काढून टाका. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) ध्वनिमुद्रिका जरूर ऐकवा, पण नक्कल करायला नव्हे. एवढ्या हरकती घेऊनही त्यांचा शब्द कुठे पुसट होत नाही, तेवढंच तिला टिपायला सांगा.

चेहऱ्याचं काय, तर आरशासमोर अजिबात बसवू नका. सखी कुठे उभी आहे ते ठरवा, माइकच्या जरा उजवीकडे, तिच्या उंचीवर, आणि नजर तिथे राहू द्या. हात स्वतःहून उठला तर उठू द्या.

पट्टी, म्हणजे ती ज्या सुरात गाते तो पेटीवरचा सूर, काळी चार असेल तर मंडपातही काळी चारच. आयत्या वेळी उत्साहाने चढवू नका, वरच्या जागांवर गळा आवळला की आर्जवाचा आरडाओरडा होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत तबला उतरतो, तेव्हा तबलजींना आधीच्या गाण्यानंतर जुळवायला वेळ मागून घ्या. पेटीवाल्यांना सांगून ठेवा की 'वद' च्या आधी ती क्षणभर थांबणार आहे, ती जागा त्यांनी भरू नये. आणि लोकांनी 'वन्स मोअर' दिला तर फक्त ध्रुवपद घ्यायचं, नवीन काही नाही, तेही सखीलाच विचारत.