छिद्र किती लहान असावे? पिनहोल छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेन्सऐवजी बारीक छिद्राने चित्र घेण्यासाठी (पिनहोल) डिजिटल कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपला, म्हणजे लेन्स काढल्यावर तिच्या जागी बसवायच्या झाकणाला, भोक पाडून त्यावर सुईने टोचलेला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा मी बसवला आहे. छायाचित्रे धूसर येत होती म्हणून नव्या पत्र्यावर अधिक लहान छिद्र केले, तर ती आणखीच धूसर झाली. असे का व्हावे? मोठ्या सेन्सरचा डिजिटल बॅक, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे जोडायचा सेन्सरचा सुटा भाग, मला काही दिवस वापरायला मिळणार आहे. त्याने चित्र अधिक रेखीव येईल का?

उत्तर : पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे फट वाकडीतिकडी असली तरी गोल दिसतात, कारण ती सूर्याची प्रतिमा असते, मात्र फटीच्या अगदी जवळ हात धरला, तर हातावर फटीचाच आकार उमटतो. अंतराच्या मानाने छिद्र मोठे असेल तर प्रतिमा पुसट होते, ती यामुळेच. उलट छिद्र फार लहान केले, तर त्यातून जाणारा प्रकाश विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना कडांशी वळल्यामुळे, पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका मोठा होतो. आपल्या दुसऱ्या पत्र्याच्या बाबतीत हेच घडले असावे.

या दोन दोषांमधला मध्य काढण्याचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये सविस्तर मांडले. त्यांच्या नावाने वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार छिद्र ते सेन्सर हे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला १.९ ने गुणावे. तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर आणि अंतर ५० मिलिमीटर धरल्यास छिद्राचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटर येतो. छिद्र मोजण्यासाठी पत्रा फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला (एका इंचात २४०० पिक्सेल) स्कॅन करावा, ०.३ मिलिमीटरचे छिद्र त्यात साधारण २८ पिक्सेल रुंद दिसते. छिद्राच्या कडेला राहिलेले धातूचे खडबडीत कंगोरे बारीक पॉलिश पेपरने घासून काढावेत आणि पत्र्याची आतली बाजू काळी करावी.

आता डिजिटल बॅकविषयी. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ०.३ मिलिमीटरचे ठिपके एकाशेजारी एक मांडले, तर एका ओळीत जेमतेम १२० मावतात. पिनहोल चित्रात तपशील असतो तो एवढाच, आणि सेन्सरवरील पिक्सेल कितीही वाढवले तरी त्यात भर पडत नाही. सेन्सरचा आकार आणि छिद्राचे अंतर दोन्ही एकाच प्रमाणात वाढवले, तर तपशील त्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वाढतो. सुमारे ५४ मिलिमीटर रुंदीच्या बॅकवर हे प्रमाण दीडपट आहे, म्हणजे तपशील वीस-बावीस टक्क्यांनीच वाढेल. केवळ रेखीवपणासाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि बॅकचा एक उपयोग मला खरोखर मोलाचा वाटतो. मोठ्या व्ह्यू कॅमेऱ्यावर (पुढचा व मागचा भाग भात्याने जोडलेल्या कॅमेऱ्यावर) छिद्र स्थिर ठेवून त्यामागे बॅक सरकवता येईल अशी पट्टी बसवली, तर उभ्या धरलेल्या बॅकने तीन स्तंभ आणि दोन ओळी अशा सहा चौकटी घेऊन त्या संगणकावर जोडता येतात. कडा एकमेकींवर थोड्या चढवूनही सुमारे ११० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच प्रतिमा मिळते. छिद्र जागचे हलत नसल्यामुळे जवळच्या व दूरच्या वस्तू परस्परांच्या तुलनेत सरकत नाहीत आणि जोड बेमालूम बसतो. अर्थात हे स्थिर विषयांपुरतेच शक्य आहे. वाऱ्याने हलणारी झाडे किंवा सरकणारे ढग जोडाच्या ठिकाणी तुटतात. कडेच्या चौकटींवर प्रकाश तिरका पडत असल्याने रंगाची छटाही बदलते. त्यासाठी बॅकच्या प्रत्येक स्थितीत छिद्रासमोर दुधी प्लास्टिकचा तुकडा धरून एक चौकट घ्यावी आणि तिच्या आधारे संगणकावर मूळ चौकटीची दुरुस्ती करावी.

प्रश्न : पिनहोल लावले की आकाशात काळे डाग दिसतात, नेहमीच्या लेन्सने ते दिसत नाहीत. सेन्सर खराब झाला आहे का?

उत्तर : नाही, ती धूळ आहे. धूळ सेन्सरवरील काचेवर बसते. लेन्सचे तोंड मोठे उघडलेले असताना प्रकाश अनेक दिशांनी येतो, त्यामुळे कणाची सावली विरून जाते. ५० मिलिमीटर अंतरावरील ०.३ मिलिमीटरच्या छिद्राचा एफ क्रमांक, म्हणजे अंतर भागिले छिद्राचा व्यास, जवळजवळ १६७ असतो. एवढ्या अरुंद प्रकाशात कणाची सावली कडांसह ठसठशीत उमटते. हवेच्या हातपंपाने सेन्सर साफ करावा. वर सांगितलेली दुधी प्लास्टिकची चौकट इथेही उपयोगी पडते, कारण तिच्यावर तेच डाग त्याच जागी असतात.

प्रश्न : एक्सपोजर किती द्यावे?

उत्तर : एफ १६ च्या तुलनेत एफ १६७ ला प्रकाश सुमारे १०९ पट कमी मिळतो. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ला एफ १६ वर शतांश सेकंद पुरतो, म्हणून इथे एका सेकंदापासून सुरुवात करून हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचे वाटप दाखवणारा आलेख) पाहत बदल करावा. कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि मॅन्युअल मोड वापरावा. फिल्मवर लांब एक्सपोजरला हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, सेन्सरला तो द्यावा लागत नाही. चौकट ठरवताना आयएसओ वाढवून पडद्यावर पाहावे. आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र एक्सपोजर चालू असताना व्ह्यूफाइंडर झाकून घ्यावा, कारण मागून शिरणारा थोडासा प्रकाशही छिद्रातून येणाऱ्या क्षीण प्रकाशात मिसळून चित्र फिकट करू शकतो.