'ओरिएंटेड'ला 'अभिमुख' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की 'ओरिएंटेड लिक्विड क्रिस्टलाइन पॉलिमर्सचे थर्मल गुणधर्म' मराठीत कसं लिहायचं, 'अभिमुखित द्रवस्फटिकी बहुलकांचे तापीय गुणधर्म' चालेल का.

सोपं आधी उरकतो. बहुलक आणि तापीय हिंदीच्या वाटेने आलेत. आपल्या विश्वकोशात बहुवारिक आहे, आणि थर्मलला औष्णिक, डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र म्हणतोच की आपण. (बोलताना मीही पॉलिमरच म्हणतो, उगाच शहाणपणा नको.) द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखं वाहणारं पण रेणू स्फटिकासारखे शिस्तीत लागलेलं, ठीक.

घोळ आहे तो अभिमुखमध्ये. अभिमुख म्हणजे ज्याचं तोंड कशाकडे तरी आहे ते. आमचं मालवणचं घर पश्चिमाभिमुख, म्हणजे पुढचं दार दर्याकडे आणि मागीलदार माडांकडे. बांगड्यांचा थवा एकाच बाजूला तोंड करून जातो तोही अभिमुख म्हणता येईल. पण या पॉलिमरच्या साखळ्या, म्हणजे त्याचे लांबलचक रेणू, ताठ काठ्यांसारख्या, त्या फक्त एकमेकींना समांतर असतात, कुणाचं डोकं कुठे याला हिशोब नाही. मांडवासाठी बांबूंची मोळी बांधतो तेव्हा काही बुंधे इकडे काही तिकडे, तरी मोळी सरळच ना, तसं. म्हणून मी 'एकरेषित' लिहीन. शब्द घडवलेला आहे, मान्य, पण खोटं तरी सांगत नाही.

आणि हा फरक नुसता शब्दाचा नाही, कारण गुणधर्म सगळे उभ्या-आडव्यावर ठरतात. केव्हलार घ्या, बुलेटप्रूफ जाकिटात असतो तो चिवट धागा, 1965 मध्ये ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला, त्याचं द्रवस्फटिकी द्रावण बारीक भोकातून ओढून धागा काढतात तेव्हा साखळ्या धाग्याच्या लांबीच्या दिशेने लागतात. हा धागा तापवला की लांबीत चक्क कमी होतो आणि जाडीत फुगतो! जेटीवर दोघांनी दोर धरून मधे हेलकावे दिले तर हात आत ओढले जातात तसंच, साखळ्या आडव्या थरथरतात आणि टोकं जवळ येतात. कमी म्हणजे किती, मीटरभर धागा 100 अंशांनी तापवला तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. उष्णताही लांबीने जास्त वाहते, आडवी कमी.

आता याला पुस्तकी भाषेत 'ऋण प्रसरण' म्हणतात, म्हणजे पसरणं पण उलटं, वाचणारा तिथेच अडखळतो. 'आटतो' म्हणावं तर दूध आठवतं. 'आक्रसतो' हा शब्द असताना बाकी कशाला हवं? केव्हलार वितळतही नाही, 500 अंशांच्या आसपास थेट विघटन होतं त्याचं, तेव्हा सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण लावायचा मोह होतो, पण लावू नका, यात पीळ नसतोच, सगळं सरळ.

तर शीर्षक 'एकरेषित द्रवस्फटिकी बहुवारिकांचे औष्णिक गुणधर्म' असं करा, आणि पहिल्या वापरापाशी 'साखळ्या एका रेषेत लागलेली' एवढं जोडा, म्हणजे झालं.