हाडांची आठवड्याची गोळी चालू आहे आणि बाळ हवंय. गोळी थांबवावी का?

वय 31, संधिवातासाठी स्टेरॉइड चालू, हाडं ठिसूळ निघाली म्हणून आठवड्याला एक गोळी, असं तुम्ही लिहिलंय.

आधी पाकीट उलटून नाव वाचा. आपल्याकडे कॅल्शियमलाही 'हाडांची गोळी'च म्हणतात. ड जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं सॅशेसुद्धा आठवड्याला एकच असतं, त्यामुळे घोळ ठरलेला. पाकिटावर अ‍ॅलेन्ड्रोनेट 70 किंवा रायसेड्रोनेट 35 मिलिग्रॅम असेल, उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं होऊ नका असं सांगितलं असेल, तर ती बिस्फॉस्फोनेट, म्हणजे हाडांची झीज रोखणारं औषध. प्रश्न तिचाच आहे.

ती गरोदरपणात देत नाहीत. पण दिवस गेल्यावर थांबवली की झालं, असंही नाही. हे औषध हाडातल्या खनिजाला चिकटून बसतं आणि हाड झिजेल तसं वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. म्हणून बरेच डॉक्टर सहा महिने ते वर्षभर आधीच ती बंद करतात. गोळी चालू असतानाच दिवस गेले तर ती थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. केवळ तेवढ्यासाठी गर्भपाताचा विचार मात्र नको. आजवरच्या नोंदी थोड्या आहेत, पण त्यांत ठरावीक असं व्यंग दिसलेलं नाही. काही नवजात बाळांचं कॅल्शियम काही दिवस कमी आढळलंय, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.

गोळीऐवजी हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर गणित वेगळं. शेवटच्या डोसनंतर किमान 5 महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि पुढचा डोस नुसता चुकवला तर हाडं झपाट्याने झिजतात, मणकेही मोडतात. ते आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइडही नाही.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटही चालू असेल तर मला हाडांच्या गोळीपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. त्याने गर्भाला व्यंग येऊ शकतं. ते किती आधी थांबवायचं हे विचारल्याशिवाय गर्भनिरोधक सोडू नका.

कॅल्शियम मात्र चालू ठेवायचं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. जेवणाबरोबर घ्या, आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही.

अंगावर पाजताना आईच्या हाडांची घनता 3 ते 10 टक्के उतरतेच, आणि पाजणं थांबल्यावर बहुतेकींची भरून येते. तेव्हा त्या काळातला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, बघून घाईने गोळी सुरू करू नये. मणका मोडला असेल तर गोष्ट वेगळी. मग संधिवाताचे आणि बाळाचे डॉक्टर मिळून ठरवतील, आणि बाळाचं कॅल्शियम अधूनमधून तपासावं लागेल.