भाऊ रात्री तीनपर्यंत मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो, हे व्यसन म्हणायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ 19 वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री अडीच-तीनपर्यंत ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो, सकाळची लेक्चर्स बुडतात, अलीकडे तंबाखूचा खर्राही सुरू झालाय. आणि घरचे म्हणतात, बुद्धीचाच खेळ आहे, खेळू दे.

घरच्यांचं मला समजतं. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख, तिघंही नागपूरचे ग्रँडमास्टर. अशा गावात बुद्धिबळ खेळणाऱ्या पोराला कोणी ऊठ म्हणत नाही. पण त्या विश्वचषकाच्या मुख्य डावांत प्रत्येक खेळाडूला पहिल्या 40 चालींसाठी मिळून 90 मिनिटं असतात, वर दर चालीला 30 सेकंद. मोबाईलवरचा ब्लिट्झ, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटांचा डाव, फार तर सहा मिनिटांत संपतो, प्रत्येकी एक मिनिटाचा बुलेट दोन मिनिटांत. म्हणजे ब्लिट्झचे तासाला किमान दहा डाव, बुलेटचे तीस. प्रत्येक डावाच्या शेवटी हार किंवा जीत, आणि हलणारं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा. सवय जडते ती या वेगाला.

तो हरतो तो क्षण जवळून बघा. राजा मात होतो, रेटिंगमधून सात-आठ गुण जातात आणि त्याच जागी ‘नवा डाव’ची बटणं येतात. आपण कुठे चुकलो हे मनात यायच्या आधी अंगठा खाली गेलेला असतो. चूक तपासायला पाच मिनिटं लागतात, पुढचा प्रतिस्पर्धी पाच सेकंदांत मिळतो.

‘गेलेलं रेटिंग भरून काढतो आणि झोपतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचं गणित मांडा. ॲपवर समोरचा साधारण बरोबरीचा मिळतो, म्हणून ताज्या डोक्याने 100 डावांत 50 गुण पडतात (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). थकव्याने खेळ 100 रेटिंगइतका घसरला, तर रेटिंगवरून निकालाचा अंदाज बांधणाऱ्या इलोच्या सूत्राने तेच 36 होतात. रेटिंगचे 60 गुण गेले असतील तर हारींपेक्षा आठ-दहा विजय जास्त हवेत, आणि ते रात्री दीड वाजता, रागात. भरून निघायच्या ऐवजी खड्डा वाढतो. जुगारात हरलेले पैसे परत मिळवायला बसणारा माणूस असाच अडकतो.

आता व्यसन कधी म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ही यादी 2022 पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात: थांबायचं ठरवून थांबता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू राहणं. हे साधारण 12 महिने चाललेलं असावं, फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होतं. किती तास खेळतो यावर ते ठरत नाही. चार तास सराव करून दहाला झोपणारा, परीक्षा देणारा, मित्रांत मिसळणारा मुलगा आजारी नाही. तुमच्या भावाची लेक्चर्स बुडतायत, म्हणून आत्ताच लक्ष घालायला हवं.

बुद्धिबळाने डोकं फिरतं, हे मात्र मनातून काढून टाका. त्यासाठी मॉर्फी, स्टाइनिट्झ, रुबिनश्टाइन या जुन्या नामवंत खेळाडूंची तीच ती नावं फिरत असतात. त्यांना मानसिक त्रास झाला हे खरं, पण हजारो खेळाडूंतून तीन नावं उचलून खेळाला दोषी ठरवता येत नाही. बऱ्याचदा गाडी उलट दिशेने चालते. आधी उदासी, बॅकलॉगची भीती, एकटेपणा किंवा एकाग्रतेचा जुना त्रास असतो, आणि त्यातून सुटका म्हणून माणूस पटात शिरतो. मोबाईल काढून घेतला तर ती उदासी उघडी पडते, आणि नवं खातं दोन मिनिटांत निघतं ते वेगळंच.

म्हणून आधी दोन आठवडे नुसती नोंद: किती वाजता सुरू, कितीला बंद, किती डाव, झोपला कधी. नोंद त्याने स्वतः करायची. तुम्ही पाळत ठेवली की तो लपून खेळेल. मग ब्लिट्झ आणि बुलेट बंद, त्यांच्या जागी 15 मिनिटं अधिक दर चालीला 10 सेकंद असे दिवसाला दोनच डाव. पहिला डाव तपासल्याशिवाय दुसरा नाही, आणि लागोपाठ दोन हरला तर त्या दिवसाचं संपलं. लिचेस या बुद्धिबळाच्या ॲपवर रेटिंग लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करायची. रात्री दहानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि उठायला साधं गजराचं घड्याळ. ते घेतलं नाही तर ‘अलार्मसाठी’ म्हणून मोबाईल पुन्हा उशाशी येतो, बहुतेक घरांत नियम इथेच मोडतो. पहिले काही दिवस चिडचिड होईल. ती संध्याकाळची रिकामी वेळ भरायला समोरासमोर पट मांडून खेळणारे सोबती शोधा.

खर्रा वेगळा सोडवावा लागेल. पन्नीतला घोटलेला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. निकोटिन झोप उडवतं, आणि डाव सुरू झाला की तोंडात खर्रा ही जोडी मेंदूत पक्की होते. मग एक दिसलं की दुसऱ्याची तलफ येते. म्हणून खेळताना तोंड रिकामं, हा नियम पहिल्या दिवसापासून. सुपारीही तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे, त्यामुळे ‘नुसती सुपारी खातो’ ही पळवाट चालू देऊ नका. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे.

महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जेवण-आंघोळ सुटली, तो कोणाशी बोलेनासा झाला, तर नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या) मानसोपचार ओपीडीत किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर महिना सोडा, त्याच दिवशी न्या. ‘मरायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

डॉक्टरकडे जाताना नोंदीची वही घ्या, आणि तो तयार असेल तर ॲपवरचा डावांचा इतिहासही दाखवा. प्रत्येक डाव किती वाजता झाला ते त्यात असतं. ‘थोडं खेळतो’ आणि ‘रात्रभर खेळतो’ या घरातल्या वादात वेळ न घालवता डॉक्टरांना थेट झोपेपासून सुरुवात करता येते.