वाचकांचे प्रश्न : मतदानाच्या तोंडावर फिरणारे निरोप

प्रश्न : वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला आहे. यादीत नाव नसले तरी आधार दाखवून ‘४९ ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागता येते आणि केंद्रावर टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेले की फेरमतदान होते. हे खरे का? (डिचोली)

उत्तर : नाही. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आधार तुमची ओळख पटवते, तुम्ही मतदार आहात हे नाही. ‘४९ ए’ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. ‘चॅलेंज’ आणि ‘टेंडर’ हे दोन्ही प्रकार मात्र नियमांत खरोखरच आहेत आणि त्यामुळेच शहाणी माणसेही या निरोपाला फसतात. चॅलेंज करतो तो उमेदवाराचा पोलिंग एजंट. समोरच्या मतदाराच्या ओळखीवर तो हरकत घेतो, २ रुपये अनामत भरतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो. टेंडर व्होट नियम ४९ पी मध्ये आहे. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटल्यावर तुम्हाला छापील मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्क्यांची अट नियमांत कुठेच नाही.

असा निरोप वाचलेला माणूस निर्धास्त राहतो आणि यादी बघतच नाही, हे त्यातले खरे नुकसान. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव चढत नाही आणि अर्ज त्याच्याही काही दिवस आधी द्यावा लागतो. म्हणून आजच १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा किंवा निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक घालून बघा. नाव नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८.

प्रश्न : मुलगा बोटीवर आहे. परदेशातल्या गोवेकरांना ऑनलाइन मत देता येते म्हणतात. (म्हापसा)

उत्तर : येत नाही. फॉर्म ६ए भरून अनिवासी मतदार झालेल्यालाही मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते.

प्रश्न : नेत्याच्या भाषणाची क्लिप बनावट आहे हे घरी कसे ओळखावे? (फोंडा)

उत्तर : आधी ती जुनी किंवा कापलेली आहे का ते पाहा. खोट्या क्लिपा करायला यंत्रबुद्धी (एआय) लागतेच असे नाही; कात्री पुरते. क्लिप सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थांबवून तीन स्क्रीनशॉट घ्या. खालची पट्टी आणि वाहिनीचा लोगो कापून टाका, नाहीतर शोध त्या पट्टीवरच अडकतो. मग गूगल लेन्सवर टाका. तेच दृश्य आधीच्या वर्षी सापडले तर निकाल लागला. मूळ भाषण मिळाले तर वादग्रस्त वाक्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटे पूर्ण ऐका.

मूळ सापडले नाही तर ओठांकडे बघा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतातच. आवाज नंतर चिकटवला असेल तर ते अनेकदा उघडेच राहतात. नुसता ऑडिओ असेल तर श्वास आणि खोलीचा घुमारा नैसर्गिक वाटतो का ते ऐका. यावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना फाइल दाबली जाते, खुणा पुसल्या जातात आणि ओळखणारी साधनेही चुकतात. अशी क्लिप, संशयास्पद क्लिपा तपासणाऱ्या डीपफेक्स अ‍ॅनालिसिस युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप टिपलाइनवर पाठवा. वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर त्याच तारखेचा ई-पेपर उघडा; बनावट कात्रणात टाइप आणि मात्रांची जागा सहसा चुकलेली असते.

प्रश्न : मी ग्रुप अ‍ॅडमिन आहे. तक्रार कुठे करू? (पेडणे)

उत्तर : सी-व्हिजिल या आयोगाच्या तक्रार अ‍ॅपवर नको. त्यात अ‍ॅपमधूनच जागेवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ चालतो, आलेली फाइल चढवता येत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या : मूळ फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’चा दुहेरी बाण असेल तर तोही दिसू द्या. फाइल ग्रुपमधून काढण्यापूर्वी उतरवून ठेवा, घाईत पुरावाच जातो. पक्षाच्या खात्यावरून टाकलेली असेल तर ते मुद्दाम लिहा : असा मजकूर लक्षात आल्यापासून ३ तासांत काढावा, असे आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावले होते.

ग्रुपमध्ये दुरुस्ती टाकताना खरी गोष्ट पहिल्या ओळीत लिहा आणि खोटे चित्र पुन्हा चिकटवू नका. पाठवणारे वडीलधारे काका असतील तर आधी त्यांना खाजगीत सांगा. चारचौघांत टोकले की माणूस चूक मान्य करण्याऐवजी हट्टाला पेटतो.