सीमावादाचा विषय वर्गात निघाला तर

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून बसवाहकाला मारहाण झाली आणि महाराष्ट्र-कर्नाटक बससेवा कोलमडली. त्यानंतर एका मराठी शाळेतल्या बाई समुपदेशनासाठी आल्या. आठवीतली मुलं कन्नडच्या सरांशी बोलेनाशी झाली होती, मधल्या सुट्टीत मारामारी झाली होती. बाईंचा प्रश्न सीमाभागातले बहुतेक शिक्षक विचारतात तोच होता : "बोललं तर राजकारण करते म्हणतील, गप्प बसलं तर मुलं पटांगणात भांडतात. करू काय?"

बोलावंच. फक्त सुरुवात इतिहासापासून करू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सांगायला घेतलं की पाच मिनिटांत वर्गाचे दोन पक्ष होतात, आणि घाबरलेलं मूल तसंच कोपऱ्यात राहतं. भीती आधी, इतिहास नंतर.

बाईंना चाळीस मिनिटांचा एक तास असा आखून दिला. पहिली आठ मिनिटं बिननावाच्या चिठ्ठ्या. प्रश्न तीन : मी स्वतः काय पाहिलं? काय ऐकलं, आणि कुणाकडून? मला कशाची काळजी वाटते? चिठ्ठ्या बाईंनी आधी मनात वाचायच्या, शिव्या आणि नावं गाळायची, मगच फळ्यावर तीन रकाने भरायचे. या वर्गात 'पाहिलं'चा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. सगळं 'ऐकलं'मध्ये, तेही मोबाईलवरच्या व्हिडिओतून. हे मुलांनी फळ्यावर आपल्या डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे आवाज आपोआप खाली आला.

काळजीच्या रकान्यात होतं : "चंदगडला आजीकडे कसं जायचं?" "बसमध्ये मराठीत तिकीट मागितलं तर मारतील का?" "कन्नडचे सर नापास करतील का?" अशा प्रश्नांना खरी, कामाची उत्तरं हवीत. कुठली बस चालू आहे ते चौकशी करून सांगायचं. दोघा-तिघांनी मिळून प्रवास करायचा. काही घडलं तर वाद न घालता मोठ्यांना कळवायचं, कुणाला ते नावानिशी ठरवायचं. "काही होणार नाही" असं मात्र म्हणू नये; उद्या काही झालं तर मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही.

मग पंधरा मिनिटं घटनाक्रम : १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या घटनाच. "बाई, तुमचं मत?" असं कुणीतरी विचारतंच. "मी सांगितलं तर तुम्ही तेच धराल, म्हणून वर्गात सांगणार नाही," एवढं उत्तर पुरतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. हात वर करून बाजू विचारली की मुलं मित्रांकडे बघून हात उचलतात. व्हिडिओ पुन्हा दाखवला की भीती ताजी होते. आणि ज्याच्या घरी कन्नड बोलतात त्या एकट्या मुलाला "तुमच्या लोकांचं काय म्हणणं?" असं विचारणं तर फारच क्रूर, त्याने ते ओझं का वाहावं?

कन्नडच्या सरांनी वर्गात खुलासा द्यायचा नाही, असं ठरवलं. त्यांनी नेहमीचाच धडा घेतला, बाई मागच्या बाकावर बसल्या. दोनेक आठवड्यांत मुलं त्यांच्याकडे वही दाखवायला जाऊ लागली.

एका मुलीची झोप मात्र परतली नाही, ती शाळा टाळू लागली. असं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर वर्गातला तास पुरत नाही. पालकांना बोलावून तज्ज्ञांकडे पाठवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावं.