हर्नियाच्या ऑपरेशननंतर जखमेत पू: टी८१.४१ का कापला गेला?

आधी तुमचा प्रश्न दोन ओळींत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही मेडिकल कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजारांना ठरलेले कोड लावणारे. अमेरिकन क्लिनिकचा चार्ट, म्हणजे पेशंटची नोंद आहे. इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाच्या ऑपरेशनचा बारावा दिवस, जखमेतून पू. सर्जनने असेसमेंटमध्ये (निदानाच्या रकान्यात) लिहिलं, 'वूंड इन्फेक्शन, स्टेटस पोस्ट हर्निया रिपेअर', आणि अँटिबायोटिक सुरू केलं. नंतर कल्चरमध्ये (पूच्या लॅब तपासणीत) एमआरएसए हा औषधांना दाद न देणारा जंतू आला. तुम्ही टी८१.४१एक्सए (ऑपरेशननंतरचं वरवरचं इन्फेक्शन) आणि बी९५.६२ (एमआरएसए जंतू) हे कोड दिले. पुढच्या व्हिजिटला गोळ्या चालूच होत्या, पण कोडच्या शेवटचं, सातवं अक्षर तुम्ही ए ऐवजी डी केलं. ऑडिटने तिन्ही ठिकाणी एरर काढली.

तिन्ही ठिकाणी ऑडिटरच बरोबर आहे.

तुम्ही बीएचएमएस आहात हे शेवटी ओझरतं लिहिलंय. माझ्या मते गोम तिथेच आहे. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच असल्यामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, नाशिकच्या कोडिंग क्लासमध्ये बीएचएमएस, बीएएमएस, बी.फार्म, नर्सिंग झालेली मुलंमुली भरपूर असतात. शरीरशास्त्र, औषधं त्यांना शिकवावी लागत नाहीत. पण पू, लाली, ताप वाचला की त्यांच्या डोक्यात निदान तयार होतं आणि हात कोडकडे जातो. कोडरला निदान करायची मुभा नाही. पेशंटला काय झालंय हे तुम्हाला सर्जनपेक्षा चांगलं कळत असेल, तरी चार्टमध्ये नसेल तर ते नाही.

आता पहिली एरर. आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे आजार-कोडांच्या अमेरिकन आवृत्तीच्या गाइडलाइनमध्ये 'डॉक्युमेंटेशन ऑफ कॉम्प्लिकेशन्स ऑफ केअर' हा छोटा भाग आहे, पहिल्या सेक्शनमधला बी-१६. तो पाठच करा. ऑपरेशननंतर झालेली प्रत्येक गोष्ट कॉम्प्लिकेशन (उपचारामुळे उद्भवलेला त्रास) नसते. ती ऑपरेशनमुळे झाली, हा संबंध प्रोव्हायडरच्या, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या लिखाणातून दिसायला हवा. 'स्टेटस पोस्ट' एवढंच सांगतं की ऑपरेशन होऊन गेलंय. सर्जनच्या मनात संबंध आहे हे उघड आहे, मलाही तसंच वाटतं, आणि काही टीम एवढ्यावर कोड चालवून घेतात. मी चालवून घेत नाही, क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) पाठवायला सांगतो. 'सर्जिकल साइट इन्फेक्शन' किंवा 'इन्फेक्शन ड्यू टू सर्जरी' असं असतं तर प्रश्नच नव्हता.

संबंध जुळला तरी इन्फेक्शन किती खोलवर आहे हा प्रश्न उरतोच. १ ऑक्टोबर २०१८ पूर्वी टी८१.४एक्सएक्सए या एकाच कोडवर सगळं भागायचं. (आपल्याकडे फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये तो अजून सापडतो, त्या रद्दीत घाला.) त्या तारखेपासून फोड झाली: टी८१.४० म्हणजे अनस्पेसिफाइड (न सांगितलेलं), ४१ म्हणजे सुपरफिशियल इन्सिजनल (कापलेल्या जागी वरवरचं), ४२ डीप इन्सिजनल (तिथेच खोलवरचं), ४३ ऑर्गन अँड स्पेस (आतला अवयव किंवा पोकळी), ४४ सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीरावर झालेला गंभीर परिणाम), ४९ इतर सर्जिकल साइट. ४१ खाली स्टिच अ‍ॅब्सेस (टाक्यातली पूची गाठ) आणि त्वचेखालचा अ‍ॅब्सेस येतो, ४२ खाली स्नायूतला, ४३ खाली पोटातला. तुमच्या सर्जनने यातलं काहीच लिहिलेलं नाही. टाक्यांतून पू आला म्हणजे वरवरचंच असणार, हे तुम्ही ठरवलंत. तोच पू जाळीपासून वर आलेला असू शकतो. हर्नियात जाळी बसवली असेल आणि सर्जनने जाळीलाच इन्फेक्शन म्हटलं, तर कोड टी८१ मध्ये राहतच नाही, टी८५.७९ (शरीरात बसवलेल्या वस्तूचं इन्फेक्शन) वर जातो. म्हणून क्वेरीत संबंध आणि खोली दोन्ही एकदमच विचारा.

क्वेरी लिहितानाही डॉक्टरकी बाजूला ठेवा. 'हे सुपरफिशियल एसएसआय (सर्जिकल साइट इन्फेक्शन) आहे ना?' असं विचारलं की ती लीडिंग, म्हणजे उत्तर तोंडात घालणारी झाली. चार्टमधल्या खुणा तारखेसह मांडा, पर्याय द्या, त्यात 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन हवेतच. पैशांचा उल्लेख कुठेही नको. इथल्या एखाद्या हॉस्पिटलच्या एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) काम केलेल्यांना हे जड जातं. तिथे फाइल घेऊन ओपीडीच्या दारात उभं राहिलं की डॉक्टर दोन शब्दांत सांगून मोकळे होतात. या कामात तोंडी उत्तर धरलं जात नाही.

दुसरी एरर बी९५.६२ ची. कल्चरचा रिपोर्ट लॅबचा आहे, निदान प्रोव्हायडरचं. पुढच्या नोटमध्ये 'कल्चर पाहिलं, एमआरएसए, अँटिबायोटिक बदललं' एवढं जरी असतं तरी कोड लागला असता. नुसत्या रिपोर्टवरून जंतू उचलायचा नाही.

तिसरी सातव्या अक्षराची. ही चूक मी इतक्या चार्टमध्ये पाहतो की ऑडिटला बसलो की आधी तेच तपासतो. ए म्हणजे पहिली भेट, असं क्लासमध्ये कुणीतरी डोक्यात घालतं. ए म्हणजे त्या कोडने सांगितलेल्या त्रासावर सक्रिय उपचार चालू आहेत. इथे कोड इन्फेक्शनचा आहे, हर्नियाचा नव्हे. पेशंट तिसऱ्यांदा आला, डॉक्टर बदलला, तरी अँटिबायोटिक चालू आहे तोवर 'ए'च. उपचार संपून जखम नुसती भरत असेल तेव्हा डी.

शेजारच्या दोन गोष्टी, कारण पुढचे चार्ट तेच येणार. सिझेरियनची जखम चिघळली तर टी८१.४ कडे बघूच नका. ती ओ८६.० मध्ये जाते, तिथे खोलीची तशीच फोड आहे आणि सातवं अक्षर नाही. सेप्सिस लिहिलं असेल तर आधी जागेचा कोड, मग टी८१.४४, मग ए४० किंवा ए४१ सारख्या गटातला सेप्सिसचा कोड.

आणि तुमची मैत्रीण इथल्या हॉस्पिटलमध्ये डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० वापरते म्हणालात. तिला यातली फोड शोधायला लावू नका. त्या पुस्तकात टी८१.४ अजून एकच आहे. उलट अपघाती जखमेच्या इन्फेक्शनसाठी तिथे टी७९.३ आहे, जो अमेरिकन आवृत्तीत नाहीच. अमेरिकन कोडिंगमध्ये अशा वेळी जखमेचा एस कोड (एस अक्षराने सुरू होणारा) आणि सोबत इन्फेक्शनचा वेगळा कोड लागतो.

रिबटल, म्हणजे ऑडिटवर लेखी हरकत टाकायचा विचार असेल तर पहिल्या एररच्या अर्ध्या भागापुरताच टाका, म्हणजे संबंधाच्या मुद्द्यावर. तिथे तुमच्या टीमचा लेखी नियम काय आहे तो आधी मागवून घ्या. खोली, जंतू आणि सातवं अक्षर यांवर टाकलात तर परत येईल.